बोरघाटातील दळणवळण आणि विषाणूजन्य साथी : मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास बहुतांशी शहरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई व पुणे या दोन शहरांच्या सामाजिक आणि राजकीय जीवनावर जो परिणाम केला, त्याचे विपुल लेखन उपलब्ध आहे. त्या मानाने १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीकडे इतिहासकारांचे लक्ष फार उशिरा गेले. प्लेगपेक्षा कितीतरी अधिक माणसे अवघ्या काही महिन्यांत गमावूनही ही साथ समाजाच्या लिखित स्मृतीत जवळजवळ उरली नाही. ग्रामीण महाराष्ट्राच्या बोलीत मात्र ती ‘मानमोडी’ या नावाने दीर्घकाळ टिकून राहिली. प्रस्तुत निबंधात मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या मधोमध असलेल्या मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात विषाणूजन्य साथींच्या प्रसाराचा आणि त्यांच्या शास्त्रीय अभ्यासाचा आढावा घेण्यात आला आहे. साथ कोणत्या मार्गाने येते, तिची मोजदाद कशी होते आणि त्या मोजदादीतून कोण वगळले जाते, हे या निबंधाचे तीन मुख्य प्रश्न आहेत.

मावळचे भौगोलिक स्थान व दळणवळण

मावळ तालुका म्हणजे सह्याद्रीच्या घाटमाथ्याला लागून असलेला, इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांनी बनलेला प्रदेश होय. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही त्याची परंपरागत विभागणी याच खोऱ्यांवर आधारलेली आहे. कोकणातील बंदरे आणि दख्खनचे पठार यांना जोडणारा बोरघाट याच तालुक्याच्या पश्चिम टोकाशी येतो. कार्ले व भाजे येथील लेणी या मार्गाच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाडीरस्ता झाला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा चढ रेल्वेला खुला झाल्यावर मुंबई व पुणे अखंड लोहमार्गाने जोडली गेली.

या घाटाचे बांधकाम हाच मुळी साथींच्या इतिहासातील एक अध्याय आहे. १८६१ च्या सुमारास येथे ४० हजारांहून अधिक मजूर कामावर होते. अपुरे पाणी, दाटीवाटीच्या झोपड्या आणि सततचे स्थलांतर यांमुळे पटकीसारख्या रोगांनी या मजुरांचे अनेक बळी घेतले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात आल्यानंतर थोड्याच दिवसांत आजारपणाने मरण पावले आणि घाटाचे उर्वरित काम त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले. कंत्राटदाराचे नाव इतिहासात नोंदले गेले. मजुरांची नावे मात्र कोठेही आढळत नाहीत. पुढील प्रत्येक साथीत हीच स्थिती कमी-अधिक प्रमाणात पुन्हा दिसते.

रेल्वेमुळे लोणावळा हे इंजिनांचे, रेल्वे कर्मचाऱ्यांचे आणि हवापालटासाठी येणाऱ्यांचे गाव बनले. १९११ नंतर टाटा जलविद्युत योजनेच्या वळवण, लोणावळा व शिरवटा येथील जलाशयांच्या कामांनी या परिसरात मोठा श्रमिकवर्ग आला. १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज जाऊ लागली आणि पाठोपाठ आंदर मावळात ठोकरवाडी धरणाचे काम हाती घेण्यात आले. याच्या उलट दिशेचे स्थलांतरही तितकेच महत्त्वाचे होते. मुंबईत घरचे जेवण पोहोचविणाऱ्या डबेवाल्यांची परंपरा १८९० च्या सुमारास सुरू झाली आणि हा व्यवसाय करणारे बहुसंख्य लोक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांतील होते. पेरणी-कापणीला गावी आणि एरवी मुंबईत, असे दुहेरी जीवन जगणारा हा समाज होता. कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या दर्शनासाठी मुंबई व किनारपट्टीवरील कोळी समाज चैत्रात आणि नवरात्रात मोठ्या संख्येने मावळात येतो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. सारांश, मावळ हा दुर्गम डोंगरी तालुका असला तरी महानगराशी त्याचा मानवी संबंध अत्यंत निकटचा होता.

१९१८ ची साथ : मुंबईकडून दख्खनकडे

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात इन्फ्लुएन्झाने जग व्यापले. मुंबईत १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपायांना तापामुळे रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीत होती. मेच्या अखेरीस आलेल्या एका जहाजातून रोग आला, असे मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचे मत होते. तर जहाजावरील लोकांनाच रोगाची लागण मुंबईत झाली, अशी सरकारी बाजू मांडली गेली. साथीचा उगम दुसऱ्याच्या दारात दाखविण्याची ही प्रवृत्ती पुढील काळातही दिसून येते.

जून-जुलैमधील पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र संहारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हे दिवस नवरात्राच्या आरंभाचे होते. याच सुमारास मावळात भात पक्व होऊ लागते आणि मुंबईत असलेले लोक कापणीसाठी गावाकडे परततात.

हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये सादर केलेल्या प्राथमिक अहवालात साथीच्या प्रसारात रेल्वेचा वाटा मोठा असल्याचे नमूद केले. यामागील जैविक कारण आज स्पष्टपणे सांगता येते. इन्फ्लुएन्झाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ साधारणतः १ ते ४ दिवसांचा असतो आणि लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे एक दिवस आधीपासून रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. बैलगाडीच्या काळात मुंबईहून निघालेला प्रवासी घाट चढेपर्यंत आजारी पडला असता आणि वाटेतच थांबला असता. रेल्वेने तो काही तासांत, वरकरणी निरोगी अवस्थेत, लोणावळा, तळेगाव किंवा पुणे स्थानकात उतरू लागला. म्हणजेच रेल्वेने प्रवासाचा काळ रोगाच्या सुप्तावस्थेपेक्षा कमी केला. रुग्ण ओळखून त्याला अडविण्याची प्लेगच्या काळातील पद्धत या रोगापुढे निष्प्रभ ठरण्याचे हेच कारण होय.

प्रसाराची गती एका साध्या गणिताने समजते. एका रुग्णापासून सरासरी दोघांना लागण होते आणि या क्रमाला तीन दिवस लागतात असे मानल्यास, दहाव्या फेरीत, म्हणजे सुमारे महिन्याभरात, नव्या रुग्णांची संख्या १,०२४ होते. प्रत्यक्षात लागण होऊ शकणाऱ्या व्यक्ती कमी होत गेल्याने हा वेग आपोआप मंदावतो. पाचशे वस्तीच्या गावात साथ काही आठवड्यांत येऊन ओसरते, ती यामुळेच. अशा वेळी घरातील सर्वजण एकदमच अंथरुणाला खिळतात. पाणी भरायला, भाकरी करायला किंवा उभे पीक कापायला कोणी उरत नाही. १९१८ मध्ये २० ते ४० या कर्त्या वयातील मृत्यूंचे प्रमाण विशेष होते आणि भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात दगावल्या, असे आय. डी. मिल्स यांनी १९८६ मधील आपल्या अभ्यासात दाखविले आहे. त्याच वर्षी देशभर पावसाने मोठी ओढ दिली आणि युद्धामुळे धान्याचे भाव वाढलेले होते. अनेक डॉक्टर लष्करी सेवेत गुंतले होते. रोग, उपासमार आणि वैद्यकीय मदतीचा अभाव या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने मृत्युदर वाढला.

मृत्यूचे हे ओझे समान वाटले गेले नाही. मुंबई शहरातील आकडेवारीनुसार तथाकथित खालच्या मानलेल्या जातींतील हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६१.६ होते, इतर हिंदूंमध्ये ते १८.९, तर युरोपियनांमध्ये ८.३ होते. विषाणू जात ओळखत नाही. परंतु खोलीतील माणसांची संख्या, अन्नाची कमतरता आणि शुश्रूषेची उपलब्धता या गोष्टी जातिव्यवस्थेनेच ठरविल्या होत्या, हे या आकड्यांतून स्पष्ट होते. सरकारी यंत्रणा अपुरी पडल्यावर मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था आणि विविध ज्ञातिसंस्था औषधे व अन्न घेऊन पुढे आल्या. याचे तपशीलवार विवेचन मृदुला रामण्णा यांनी केले आहे. खेड्यांत अशा संस्थांचे जाळे नव्हते.

मृत्यूंची मोजदाद आणि तिच्या मर्यादा

१९१८ च्या साथीत भारतात किती माणसे मरण पावली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. व्हाइट यांच्या प्राथमिक अहवालात हा आकडा सुमारे ६० लाख धरला होता. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी जे. टी. मार्टेन यांनी तो १ कोटी २० लाख ते १ कोटी ३० लाख असा वाढविला. किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख, मिल्स यांनी १ कोटी ७० ते १ कोटी ८० लाख, तर सिद्धार्थ चंद्र व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ३८ लाख असा अंदाज मांडला. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंदाजात एक कोटीहून अधिक माणसांचे अंतर आहे.

या अंतराचे मूळ गावपातळीवरील नोंदीत आहे. मृत्यूची नोंद गावकामगार, म्हणजे पाटील-कुलकर्णी, ठेवीत असत आणि कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार अशी मोजकी नावे असत. इन्फ्लुएन्झा असा स्वतंत्र रकाना नव्हता. त्यामुळे या साथीतील बहुसंख्य मृत्यू ‘ताप’ या एका शब्दात सामावले गेले. शिवाय नोंद ठेवणारेच आजारी पडले किंवा दगावले, तेथे नोंदवहीची पाने कोरी राहिली. साथ जितकी तीव्र, तितकी तिची नोंद अपुरी, असा हा विरोधाभास आहे.

यावर अभ्यासकांनी दोन मार्ग काढले. पहिला मार्ग अतिरिक्त मृत्यूंचा. मागील काही वर्षांतील ऑक्टोबर महिन्यातील सरासरी मृत्यू आणि १९१८ च्या ऑक्टोबरमधील मृत्यू यांतील फरक म्हणजे साथीचे बळी, असे या पद्धतीत मानले जाते. कारणाचा रकाना चुकीचा असला तरी येथे बिघडत नाही. दुसरा मार्ग जनगणनेचा. साथ आली नसती तर १९२१ मध्ये लोकसंख्या किती असती, याचा अंदाज करून प्रत्यक्ष लोकसंख्येशी तुलना केली जाते. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २५.२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये सुमारे २५.१३ कोटींवर आली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक होय. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात ही घट सुमारे २.९ टक्के होती.

चंद्र व कॅसन्स-नूर यांनी २०१४ मध्ये जिल्हावार आकड्यांच्या आधारे दाखवून दिले की, पश्चिमेकडील जिल्ह्यांत दुसरी लाट लवकर, वेगाने आणि अधिक प्राणघातक स्वरूपात आली. पूर्वेकडे सरकताना तिची तीव्रता कमी होत गेली आणि ती अधिक काळ रेंगाळली. मुंबई ते पुणे हा लोहमार्ग या प्रवासाच्या अगदी प्रारंभीच्या टप्प्यात येतो. मावळची गावे साथीच्या सर्वांत घातक अवस्थेच्या वाटेवर होती, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

विषाणूचा शोध आणि पुण्याची संस्था

१९१८ मध्ये डॉक्टरांपुढील मोठी अडचण अशी की, रोगाचे कारणच माहीत नव्हते. रिचर्ड फायफर यांनी पूर्वी वर्णिलेला एक जिवाणू हेच कारण असल्याचा समज प्रचलित होता. १९१८ मध्येच शार्ल निकोल व लबेली यांनी जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतूनही रोगकारक घटक पार होतो, असे दाखविले. तथापि मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा करण्यात विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांना १९३३ मध्ये यश आले. खुद्द १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना उलगडण्यास २००५ साल उजाडावे लागले. अलास्कातील गोठलेल्या भूमीत पुरलेल्या मृतदेहाच्या आणि जतन केलेल्या जुन्या नमुन्यांच्या आधारे जेफरी टॉबेनबर्गर व सहकाऱ्यांनी हे काम पूर्ण केले.

साथीच्या गणिताचा पायाही अंशतः मुंबईच्या आकडेवारीवर उभा आहे. भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले ए. जी. मॅकेन्ड्रिक आणि डब्ल्यू. ओ. करमॅक यांनी १९२७ मध्ये साथीच्या चढउताराचे जे सूत्र मांडले, ते त्यांनी मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्युसंख्येवर पडताळून पाहिले होते. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले, अशी लोकसंख्येची त्रिविध विभागणी करणारे हे प्रारूप आजही वापरात आहे.

भारतातील विषाणू संशोधनाला संस्थात्मक रूप पुण्यात मिळाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असे झाले. देशाच्या विविध भागांतील लोकांच्या रक्तजलातील प्रतिपिंडे तपासून पूर्वी कोणते विषाणू येऊन गेले हे शोधणे, हे केंद्राचे आरंभीचे कार्य होते. मृत्यूच्या नोंदीतून निसटलेला इतिहास जिवंत माणसाच्या रक्तात वाचण्याची ही पद्धत होय. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्यज्वराचा विषाणू आणि १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात नवा विषाणू याच संस्थेच्या संशोधकांना आढळला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुनियाची साथ उद्भवली आणि जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण सापडला. नव्या रोगाची पहिली खूण अनेकदा लहान गावात दिसते, हे या उदाहरणांवरून ध्यानात येते.

२००९ आणि २०२० : जुना मार्ग, नवी साधने

११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एच१एन१ इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ जाहीर केली. भारतातील या साथीचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. मृत व्यक्ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. शहरातील शाळा, महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली. १९१८ शी तुलना करता दोन महत्त्वाचे फरक दिसतात. पहिला, रुग्णाच्या घशातील नमुन्यावरून विषाणूची ओळख आता अल्पावधीत पटत होती आणि ती तपासणारी संस्था शहरातच होती. पांचगणीतील एका निवासी शाळेतील उद्रेकाचा तेथील संशोधकांनी केलेला अभ्यास साथीच्या प्रारंभीच्या टप्प्याचे मोलाचे दस्तऐवज ठरला. दुसरा, लस तयार होण्याचा काळ कमी झाला. २०१० मध्ये पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने नाकावाटे द्यावयाची लस बाजारात आणली. मार्ग मात्र तोच राहिला. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाने हा प्रवास अधिकच वेगवान केला होता आणि पावसाळ्यात लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढलेली होती.

मार्च २०२० मध्ये कोविडचे महाराष्ट्रातील पहिले रुग्ण पुण्यातच आढळले. त्याच महिन्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने हा विषाणू वेगळा केला आणि पुढे स्वदेशी लसीसाठी त्याचाच उपयोग झाला. १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. रेल्वे थांबली, मुंबईतील डबेवाल्यांची सेवा बंद पडली आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण मावळ व शेजारच्या तालुक्यांतील आपल्या गावी परतले. मुंबई आणि मावळ यांचा जो संबंध १९१८ मध्ये केवळ अनुमानाने जाणावा लागतो, तो २०२० मध्ये सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. विषाणूजन्य साथीचा प्रसार नकाशावरील अंतरापेक्षा प्रवासाच्या काळावर आणि माणसांच्या ये-जा करण्याच्या सवयींवर अवलंबून असतो. त्यामुळे मावळसारखा डोंगरी तालुकाही महानगरातील साथीपासून दूर राहू शकत नाही. साथीची तीव्रता विषाणूच्या गुणधर्मांइतकीच अन्न, निवारा आणि शुश्रूषा यांच्या वाटपावर ठरते. तसेच साथीचे शास्त्र अखेरीस गावपातळीवरील नोंदींच्या विश्वसनीयतेवर उभे असते.

या शेवटच्या मुद्द्याला आज विशेष महत्त्व आहे. गावकामगारांनी ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, ज्यांना महाराष्ट्रात ‘कोतवाल बुक’ किंवा गाव नमुना क्रमांक १४ म्हणून ओळखले जाते, २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या. जातीचा पुरावा म्हणून वाचल्या गेलेल्या याच पानांवर, बहुधा मोडी लिपीत, १९१८ च्या आश्विन-कार्तिकातील ‘ताप’ हा शब्द एका घराखाली अनेकदा लिहिलेला सापडू शकतो. तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, संख्याशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या नोंदवह्यांतील १९१७, १९१८ व १९१९ या तीन वर्षांच्या मृत्यूंची महिनावार व गाववार मांडणी केल्यास रेल्वे स्थानकापासूनचे अंतर, लाटेचा काळ आणि मृत्युदर यांचा संबंध थेट तपासता येईल. मोडी वाचणारे हात कमी होत आहेत आणि कागद जीर्ण होत आहे. हे काम या पिढीत झाले नाही, तर मानमोडीत गेलेल्या मावळातील माणसांची उरलीसुरली नोंदही कायमची नाहीशी होईल.